कुत्र्याचे शिक्षण : काठीने की खेळाने?

चांदूर बाजार व भोवतालची खेडी ह्यांत हिंडणाऱ्या मनुष्याचा कुत्रा दृष्टीस पडल्याविना एकही दिवस जात नाही. कोणाच्या अंगणात तो निंबाच्या सावलीस पडलेला असतो, कोणाच्या गोठ्याच्या दाराशी ढोरांची सोबत करीत असतो, तर कोणाच्या संत्र्याच्या बागेत सालदाराच्या झोपडीपाशी रात्रीची जागल करीत असतो. त्याच्याकडून आपल्या अपेक्षा मात्र थोड्याथोडक्या नाहीत. त्याने चोरावर भुंकावे, पण पाहुण्यावर भुंकू नये. रानडुकरांमागे धावावे, पण शेजाऱ्याच्या कोंबड्यांमागे धावू नये. मुलांशी खेळावे, पण त्यांस दात लावू नये. हाक मारताच यावे व नको तेव्हा दृष्टीआड व्हावे. इतका सूक्ष्म विवेक पुष्कळ माणसांसही साधत नाही. तो ह्या मुक्या जनावरास कोणी व केव्हा शिकविला, असे विचारले असता उत्तर मिळत नाही. गोऱ्ह्यास औताला लावण्यापूर्वी शेतकरी त्यास जाणत्या बैलाच्या जोडीस घालून कित्येक दिवस हळूहळू जुवाची सवय लावतो. कुत्र्याच्या वाट्यास मात्र ‘हाड’ हा एक शब्द आणि एक काठी, एवढीच काय ती शाळा येते.

ह्या शाळेचा अभ्यासक्रम बदलावा, हे सांगण्यासाठी आम्ही ही लेखणी हाती घेतली आहे. आमचे मत आरंभीच स्पष्ट सांगून टाकतो. कुत्रा खेळातून व बक्षिसातून जे शिकतो ते लवकर शिकतो व दीर्घकाळ ध्यानात ठेवतो. मारातून तो मुख्यत्वे भीती तेवढी शिकतो. आणि भ्यालेला कुत्रा हाच बहुधा चावणारा कुत्रा होय. हा विषय शाळेच्या वार्षिकात कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, पिलू घरी आणण्याचा हट्ट बहुतेक घरांत मुलांचाच असतो, आणि म्हणून त्याचा पहिला गुरूही एखादा विद्यार्थीच असतो. उन्हाळ्याच्या सुटीत मोठ्या कौतुकाने आणलेले पिलू शाळा उघडली की खुंट्यास बांधले जाते. दिवाळीपर्यंत त्याच्या खोड्यांचा घरच्यांस वीट येतो. आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत ते कोठेतरी बाजाराच्या रस्त्यावर सोडून देण्यात येते. जे प्राणी रस्त्यावर उपाशी हिंडतात, ज्यांच्या भीतीने लहान मुले सकाळी शाळेस जाताना थबकतात, त्यांतील काही एके काळी कोणाच्या तरी मांडीवर निजलेले असतात. त्यांचा अपराध इतकाच की, त्यांस कोणी काही शिकविले नाही.

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेपटापुरती ती खरी असेलही. पण शेपटास लागू पडणारा न्याय आपण कुत्र्याच्या बुद्धीस लावून मोकळे झालो, ही मोठी चूक होय. प्राणी कसे शिकतात ह्याचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागल्यास आता शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन पंडिताने १८९८ मध्ये मांजरे, कुत्रे व कोंबडीची पिले ह्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. बंद पेटीत ठेवलेल्या प्राण्याने खटका दाबला किंवा दोरी ओढली की दार उघडे व बाहेर खाद्य मिळे. प्रथम धडपडीत चुकून घडलेली क्रिया पुढे प्राणी अधिकाधिक लवकर करू लागला. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पुनः पुनः केली जाते, असा नियम त्याने त्यावरून काढला. शिक्षेने कृती तितक्याच प्रमाणात पुसली जाते, असे आरंभी त्याचे मत होते. परंतु पुढे अधिक प्रयोग केल्यावर त्याने ते मत बदलले, आणि बक्षिसाचा परिणाम शिक्षेच्या परिणामाहून पुष्कळ खात्रीचा असतो असे प्रतिपादिले. त्याच काळात रशियात इव्हान पाव्हलॉव्ह हे कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत होते. त्याबद्दल त्यांस १९०४ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. खाद्य पुढे येण्यापूर्वी, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्यांच्या तोंडास पाणी सुटते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे सुखाची व दुःखाची खूण कुत्रा मनात बांधून ठेवतो. आता विचार करा : ज्या घरात धन्याच्या पावलांपाठोपाठ काठी येते, त्या घरातील कुत्रा धन्याच्या पावलांशी कोणती खूण बांधील?

हे केवळ तर्क नव्हेत. अलीकडच्या काळात ह्या प्रश्नाचा प्रत्यक्ष तपास झालेला आहे. इंग्लंडमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३६४ कुत्रे पाळणाऱ्यांस त्यांच्या शिकविण्याच्या रीती विचारण्यात आल्या. बक्षीस देऊन शिकविणाऱ्यांचे कुत्रे अधिक आज्ञाधारक आढळले. जेथे शिक्षेचा वापर अधिक, तेथे कुत्र्यांच्या वाईट खोड्याही अधिक आढळल्या. २०२० साली पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांची तपासणी केली. त्यांतील काही सौम्य रीतीच्या शिक्षणवर्गांत जात होते, तर काही धाकदपटशाच्या. दुसऱ्या प्रकारच्या कुत्र्यांच्या लाळेत, शिकवणीनंतर, मनावरील ताण दर्शविणारे द्रव्य अधिक वाढलेले सापडले. पुढे त्यांची आणखी एक गमतीची परीक्षा घेण्यात आली. एका बाजूस ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ असतो व दुसऱ्या बाजूच्या भांड्यात कधीच नसतो, हे त्यांस आधी कळू दिले, आणि मग भांडे मध्येच ठेवले. कठोर शिस्तीतील कुत्रे त्या भांड्याकडे अधिक रेंगाळत गेले. संशयाच्या जागी आशा धरण्याची त्यांची सवयच जणू मोडली होती. आमच्या मते ह्या परीक्षेचा अर्थ प्रत्येक शिक्षकाने व प्रत्येक पालकाने स्वस्थपणे मनात घोळविण्याजोगा आहे.

खेळासंबंधी तर आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. इंग्लंडमध्येच २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात लॅब्रेडॉर जातीच्या १६ कुत्र्यांस दोन वस्तूंपैकी नेमकी एक ओळखून निवडावयास शिकविले. धडा झाल्यावर निम्म्या कुत्र्यांस अर्धा तास फिरविले व खेळविले. उरलेल्यांस तेवढा वेळ नुसते पडू दिले. दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा घेतला, तेव्हा खेळलेल्या कुत्र्यांस तो आत्मसात करण्यास सरासरी २६ प्रयत्न लागले, आणि न खेळलेल्यांस ४३. कुत्रे थोडे होते, सबब ह्या एका प्रयोगावर फार मोठा मनोरा उभारू नये. परंतु खेळ म्हणजे अभ्यासाचा शत्रू, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढा आकडा तरी टिपून ठेवावा.

काठीने शिक्षण का होत नाही, ह्याची कारणे साधी आहेत. कुत्रा आपल्या कृतीचा व तिच्या फळाचा संबंध क्षणार्धात जोडतो. मध्ये वेळ गेला की तो संबंध तुटतो. सकाळी कुत्र्याने ओसरीवर घाण केली, आणि दुपारी वावरातून परतलेल्या धन्याने ती पाहून त्यास बडविले. धन्याच्या हिशेबी ही घाणीची शिक्षा. कुत्र्याच्या हिशेबी ती धन्याच्या घरी येण्याची शिक्षा. ‘पण तो मान खाली घालतो, त्यास आपला अपराध कळतो’, असे पुष्कळ जण म्हणतात. ह्याचीही परीक्षा झाली आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात असे दिसले की, ही अपराधी मुद्रा कुत्र्याने अपराध केला आहे की नाही ह्यावर अवलंबून नसते, तर धनी रागावला आहे की नाही ह्यावर असते. ज्यांनी काहीच केले नव्हते त्या कुत्र्यांनीही रागावलेल्या धन्यापुढे माना घातल्या. ज्यास आपण पश्चात्ताप समजतो, ती केवळ भीती व विनवणी असते.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. गुरगुरणे ही कुत्र्याची भाषा होय. ‘मला भय वाटते, दूर व्हा’ एवढेच तो तीत सांगतो. गुरगुरल्याबद्दल जो कुत्रा मार खातो, त्याची भीती जात नाही. गुरगुरणे मात्र जाते. मग एके दिवशी तो सूचना न देता चावतो, आणि ‘कालपर्यंत किती गरीब होता’ म्हणून घरचे आश्चर्य करतात. त्याची घंटा आपणच फोडून ठेवली होती, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘कुत्रा हा लांडग्याचा वंशज, कळपात जसा एक दांडगा नायक इतरांस दाबून ठेवतो, तसे आपणही त्यास दाबात ठेवले पाहिजे’, असा एक शास्त्रीय वाटणारा आधार काही जण देतात. ही कल्पना मुख्यतः रूडॉल्फ शेंकेल ह्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून पसरली. ते लांडगे पिंजऱ्यात कोंडलेले, एकमेकांस परके असलेले होते. डेव्हिड मेक ह्या अमेरिकन संशोधकाने प्रथम ती कल्पना आपल्या ग्रंथात मांडली होती; परंतु रानातील लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर त्यानेच १९९९ मध्ये लिहिले की, मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची लेकरे असे एक कुटुंबच असते, आणि आईबाप तेथे नायक असतात ते मारामारी जिंकल्यामुळे नव्हे, तर आईबाप असल्यामुळे. तेव्हा लांडग्याचा दाखला द्यावयाचाच असेल, तर तो दांडगाईच्या बाजूने नव्हे, ममतेच्या बाजूने द्यावा लागेल.

आता कोणी म्हणेल की, घरातल्या लाडक्या कुत्र्यास हे ठीक. परंतु जेथे खरे काम घ्यावयाचे तेथे धाकच हवा. त्यास आम्ही आपल्याच महाराष्ट्रातील एका श्वानाचे नाव सांगतो. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत भीषण स्फोटमालिका झाली. त्यानंतरच्या शोधकार्यात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ नावाच्या श्वानाने तीन हजार किलोहून अधिक स्फोटक द्रव्य, शेकडो सुरुंगकळा व हातबॉम्ब हुंगून काढून दिले, आणि त्यायोगे किती जीव वाचले ह्याची गणती करणे कठीण आहे. पुण्यातील शिवाजीनगरच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात तो तयार झाला होता. नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्यास पोलिसी इतमामाने निरोप देण्यात आला. हुंगून शोध घेणाऱ्या श्वानांचे शिक्षण कसे होते, हे जाणण्याजोगे आहे. शोधावयाच्या द्रव्याचा वास श्वानाच्या आवडत्या चेंडूशी किंवा गुंडाळलेल्या टॉवेलाशी जोडून देण्यात येतो. वास सापडला की चेंडू मिळतो, आणि शिकविणारा त्याच्याशी मनसोक्त ओढाताणीचा खेळ खेळतो. म्हणजे ज्या कामावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून, ते काम श्वानाच्या दृष्टीने हरवलेले खेळणे शोधण्याचा एक खेळ असतो. काठीच्या भयाने कोणाही प्राण्यास तासन्‌तास उत्साहाने हुंगत ठेवता येणार नाही. आनंदानेच ते ठेवता येते.

इतके सांगून झाल्यावर रीतीविषयी चार शब्द लिहिले नाहीत, तर विद्यार्थी म्हणतील की लेखकाने उपदेश केला पण पाटी कोरीच ठेवली. पिलू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या आयुष्यात अत्यंत महत्त्वाचा. ह्या दिवसांत जी माणसे, जे आवाज, जी जनावरे त्यास हळूच व सुखाने भेटतील, त्यांचे भय त्यास पुढे सहसा वाटणार नाही. म्हणून आजोबांची काठी, आईच्या बांगड्यांचा आवाज, गोठ्यातली गाय, पिठाच्या गिरणीची घरघर, मोटारसायकल, छत्री, हे सारे त्यास दुरून, थोडे थोडे व खाऊच्या संगतीने दाखवावे.

शिकवणी पाच मिनिटांहून अधिक घेऊ नये. दिवसातून तीनदा घेतली तरी चालेल. बक्षिसास महागड्या वस्तू लागत नाहीत. भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा उकडलेल्या अंड्याचा कण पुरे होतो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही मात्र कुत्र्यास विषवत आहेत, हे घरातील सर्वांनी पाठ करावे. ‘बस’ शिकवावयाचे असल्यास तुकडा त्याच्या नाकापाशी धरून हात सावकाश वर व किंचित मागे न्यावा. नाक वर गेले की मागचा भाग आपोआप जमिनीस टेकतो. टेकताक्षणीच ‘शाब्बास’ म्हणावे व तुकडा द्यावा. पाठ दाबून बसविण्याचे कारण नाही. ‘ये’ ही आज्ञा सर्वांत मोलाची. रस्त्यावर ट्रक येत असता तीच प्राण वाचविते. दोन मुलांनी अंगणाच्या दोन टोकांस बसून आळीपाळीने हाक मारावी, व धावत आलेल्या पिलाचे दर वेळी कौतुक करावे. ‘ये’ म्हणून बोलावून शिक्षा मात्र जन्मात कधी करू नये. एकदा विश्वासघात झाला की ती हाक फुकट गेली.

जुन्या धोतराची किंवा लुगड्याची घट्ट वेणी केली की ओढाताणीचे उत्तम खेळणे होते. ‘सोड’ म्हणून हिसकावून घेण्याऐवजी दुसरे खेळणे अगर तुकडा पुढे करावा. दिल्याने मिळते हे पिलास कळले की चप्पल पळविण्याच्या खोडीवर निम्मा इलाज झाला. खेळता खेळता त्याचे दात हातास लागले, तर ओरडू नये, मारू नये. खेळ तेथेच थांबवून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. त्यास खेळ प्रिय असल्यामुळे, खेळ बंद पडणे एवढी सूचना पुरते. दोरीने फिरविताना तो ओढू लागला की थांबावे, दोरी सैल झाली की चालावे. कडब्याच्या पेंढीत चेंडू लपवून ‘शोध’ म्हटले, तर पोलिसांच्या श्वानाचा धडा आपल्या अंगणातच सुरू झाला. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाचेही भान ठेवावे. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग निववितो. म्हणून चैत्र-वैशाखात शिकवणी सूर्योदयापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर घ्यावी, आणि पाण्याचे भांडे भरलेले ठेवावे.

पालकांस एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावयाची आहे. माणसांस होणारी रेबीजची लागण जगात ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांच्या द्वारेच होते, आणि रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. १८८५ साली लुई पाश्चर ह्यांनी कुत्र्याने चावलेल्या एका मुलास लस देऊन वाचविले. म्हणजे उपाय हाती येऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तरीही हळद, तिखट व चुना ह्यांवर भिस्त ठेवून काही जण अमोल वेळ दवडतात. चावा अथवा ओरखडा बसताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा. पाळलेल्या पिलास तीन महिन्यांचे होताच लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती पुनः द्यावी. मुलांनीही तीन नियम पाळावेत : जेवणाऱ्या कुत्र्यास डिवचू नये, निजलेल्यास एकाएकी हात लावू नये, आणि पिलांजवळ असलेल्या कुत्रीपाशी जाऊ नये. सौम्य शिक्षण हे कुत्र्यापुरतेच नसते. त्याशी वागणाऱ्या मुलासही ते द्यावे लागते.

ह्या रीतीविरुद्ध जे आक्षेप आमच्या कानी येतात, त्यांत ‘लाडाने कुत्रा शेफारतो’ हा पहिला. परंतु लाड आणि शिक्षण ह्यांत आम्ही भेद करतो. कुत्र्याने पाटावर उडी घेतली असता त्यास पोळी देणे हा लाड. तो आपल्या जागी बसून राहिला म्हणून त्यास पोळी देणे हे शिक्षण. पोळी तीच, वेळ निराळी. सौम्य रीतीत नियम नसतात असे नव्हे. उलट ते घरातील सर्वांनी सारखे पाळावे लागतात. आजीने चूल्हीपाशी तुकडा टाकावयाचा व वडिलांनी तेथूनच त्यास हाकलावयाचे, असे चालले तर बिचाऱ्याने कोणाचे शिकावे?

दुसरा आक्षेप बागाईतदारांचा. ‘आमचा कुत्रा बागेचा राखणदार, तो तापटच हवा.’ तापट कुत्रा चोर व पाहुणा ह्यांत भेद करीत नाही. टपालवाल्यास, संत्री तोडावयास आलेल्या मजुरास, शेजारच्या शाळकरी पोरास तो एकाच मापाने मोजतो. राखणदारास पाहिजे ती पारख. आणि पारख ही शिकविलेल्या, माणसांत वाढलेल्या कुत्र्यासच येते. दिवसभर आखूड साखळीस बांधलेला कुत्रा रात्री राखण करतो ती आपल्या संतापाची, बागेची नव्हे. तिसरा आक्षेप वेळ नसल्याचा. दिवसाची पंधरा मिनिटे ज्या घरात निघत नाहीत, त्या घराने कुत्रा न पाळणेच उत्तम, असे आम्हांस निर्भीडपणे सांगावेसे वाटते. न पाळण्यात कमीपणा नाही. पाळून टाकून देण्यात आहे.

ही दृष्टी परदेशी पंडितांकडून उसनी आणावी लागते, असेही नव्हे. महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञमंडपी तिचे पिलू गेले असता राजाच्या भावांनी त्यास मारले. ते रडत आईकडे आले व म्हणाले, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, त्यास तोंडही लावले नाही. तेव्हा सरमेने राजाच्या मंडपात जाऊन जाब विचारला, आणि निरपराध्यास मारल्याबद्दल त्यास न दिसणाऱ्या भयाचा शाप दिला. एवढ्या थोर ग्रंथाच्या आरंभीच एका कुत्रीने राजास न्याय विचारावा, ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या मनाचा मोठेपणा दाखविते. नामदेवांनी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतल्याची आख्यायिका तर प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध गावोगाव कीर्तने केली. मुक्या प्राण्यांस अभय, हे त्यांच्या उपदेशातील एक कलमच होते. १९५६ साली वलगावनजीक त्यांनी देह ठेवला, ती जागा आपल्यापासून फार दूर नाही. ज्या भूमीत पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपाहळदीने चोळून त्यांस उद्याच्या जेवणाचे आवतण दिले जाते, त्या भूमीस मुक्या सोबत्याचे उपकार मानण्याची रीत नव्याने शिकवावी लागत नाही. बैलास दिलेला मान थोडा कुत्र्यापर्यंत पोहोचवावा, इतकेच आमचे मागणे.

कायद्याचेही ह्यास पाठबळ आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. प्राण्यास मारहाण करणे, अवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास फिरावयास न नेणे, आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास टाकून देणे, ह्या सर्व गोष्टी त्याने अपराध ठरविल्या आहेत. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच एक कायदा. २००९ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने बालकांस शाळेत शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. तत्पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ‘छडीवाचून विद्या नाही’ असेच मानले जात होते. छडी गेली म्हणून विद्या गेली नाही. तेव्हा ज्या विद्यार्थ्यांच्या हातांवरील छडी समाजाने काढून घेतली, त्यांनीच घरी जाऊन ती कुत्र्याच्या पाठीवर चालवावी, ह्याहून विपरीत ते काय?

येथेच ह्या विषयाचे खरे मर्म आहे. कुत्रा शिकेल किंवा न शिकेल. त्यास शिकविणारे मूल मात्र निश्चित काहीतरी शिकते. काठीने शिकविणारे मूल असे शिकते की, जो आपल्याहून दुबळा व परावलंबी आहे, त्यास दुखविले की आपले काम होते. ही विद्या अंगणात थांबत नाही. ती पुढे धाकट्या भावंडापर्यंत, हाताखालच्या माणसापर्यंत, स्वतःच्या संसारापर्यंत जाते. खेळाने शिकविणारे मूल वाट पाहण्यास शिकते. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे त्याच्या कानांवरून, शेपटावरून, डोळ्यांवरून ओळखण्यास शिकते. आणि धडा साधला नाही तर दोष प्रथम आपल्या शिकविण्यात शोधण्यास शिकते. कोणत्याही परीक्षेत ह्या गुणांस गुण मिळत नाहीत. परंतु ज्यास हे आले, त्यास वर्गात व घरात वागणे सोपे जाईल, ह्यात आम्हांस शंका नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत पिलू आणावयाचे असेल तर आधी घरातील सर्वांस एकत्र बसवून विचारा : त्यास रोज कोण शिकवील, कोण फिरवील, लस टोचावयास कोण नेईल, आणि शाळा उघडल्यावर त्याच्या त्या पंधरा मिनिटांचे काय होईल? ह्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली तर खुशाल पिलू आणा. न मिळाली तर अजून थांबा. आणि ज्यांच्या दारी कुत्रा आजच बांधलेला आहे, त्यांनी आज सायंकाळी कोपऱ्यातली काठी गुराख्याकडे परत देऊन एक जुने फडके, भाकरीचे चार तुकडे व पाच मिनिटे एवढे भांडवल घेऊन अंगणात उतरावे. मोठ्या वयाचा कुत्राही शिकतो. त्यास थोडा अधिक वेळ लागतो इतकेच. पालकांनीही मुलांचा हा खेळ वेळेचा अपव्यय न समजता, शक्य तर ओसरीवर बसून पाहावा. इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.